थंड होण्याचा खर्च

माझ्या काकांचे काच कापण्याचे दुकान आहे. तावदाने आणि आरसे यांवर घर चालते. शहरात काचेची वॉशबेसिने खपतात, ती आपणच का करू नयेत, असे गेल्या वर्षी त्यांच्या मनात आले. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून सामग्रीची यादी माझ्याकडे आली. काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या आणि मी पहिल्याच ओळीत लिहिले : मोठी विजेची भट्टी.

चूक तिथेच झाली. गोल कापलेली काच साच्यावर ठेवून तापवली की ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे ती मऊ पडते व स्वतःच्या वजनाने साच्यात उतरते. त्यासाठी भाजलेल्या मातीचा साचा हवा. काच चिकटू नये म्हणून साच्याला अॅल्युमिना व केओलिनचा लेप हवा. भोकासाठी हिऱ्याच्या कणीचे गोल ड्रिल व त्यावर पाण्याची धार हवी. हे सारे आणले. राहिले तापमान सांगणारे थर्मोकपल आणि ठरल्या गतीने ते उतरवणारा कंट्रोलर. "काका, ते पुढच्या वर्षी घेऊ," असे मीच म्हणालो.

वाकलेली काच ५५० अंशांच्या आसपास काही काळ रोखून मग सावकाश थंड करावी लागते. घाई केली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि ताण काचेत कोंडला जातो. साचा करून देणारे खानापूरकडचे कुंभारमामा "स्वल्प तडीरी" म्हणत होते. आम्ही पहाटेच झाकण उघडले. बेसिन सुरेख निघाले. तिसऱ्या रात्री, कुणी हात न लावता, ते फुटले. दुसऱ्याचीही तीच गत झाली.

मित्रहो, मी कागदावर दिवसाला तीन बेसिने धरली होती. निवण्याचा वेळ धरला तर त्या भट्टीतून दिवसाला एक निघणेही कठीण! ताळेबंदात भट्टी स्थिर मालमत्तेत बसते. पण ती अडून राहते त्या तासांना आपण रकानाच ठेवत नाही. माझे स्पष्ट मत आहे, की कंट्रोलर नसलेल्या मोठ्या भट्टीपेक्षा कंट्रोलर असलेली लहान भट्टी बरी. आणि गुरुजनांना विनंती, की परिव्ययलेखनाचा निदान एक तास उद्यमबागेतल्या एखाद्या भट्टीपाशी घ्यावा.

कंट्रोलर आता बसला आहे. पाटल्या अजून सुटायच्या आहेत.

— बी. कॉम. द्वितीय वर्ष