बोट काळे पडते, ते कुणामुळे?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात प्रेसखाली बोट चेंगरणे ही आता बातमीही राहिलेली नाही. आमच्याकडे आलेल्या एका कंत्राटी कामगाराची दोन बोटे अशीच चेंगरली. ठेकेदाराने जवळच्या दवाखान्यात पट्टी बांधून त्याला खोलीवर पाठवले. कारण विमा रुग्णालयात नेले तर अपघाताची नोंद होते! चौथ्या दिवशी बोटे काळी पडली, दुर्गंधी सुटली, ताप चढला. गँगरीन झाले होते. बोटे कापावी लागली.

गँगरीन हा नशिबाचा भोग नव्हे. रक्तपुरवठा तुटला की मांस मरते. जखमेत माती, ग्रीस राहिले की जंतू वाढतात. मधुमेही आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका अधिक. मेलेले मांस कोणत्याही मलमाने जिवंत होत नाही, ते काढावेच लागते. मात्र पहिल्या काही तासांत जखम नीट धुऊन अँटिबायोटिक दिले, रक्तप्रवाह सुरू केला, तर बोट पुष्कळदा वाचते.

मग हे तास कोण खातो?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना कामगार आरोग्य विम्याचा पाया घातला गेला; १९४८ साली कायदा झाला. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारकाला, कंत्राटी असला तरी, कामावरील इजेचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो.

म्हणून बांधवांनो, जखम झाली की आधी विमा रुग्णालय गाठा आणि अपघाताची लेखी नोंद मागा. नोंद नसली की ठेकेदार म्हणतो, "हा आमचा माणूसच नाही." हे वाक्य आम्ही कोर्टात फार वेळा ऐकले आहे.