तारीख कोणाच्या ताब्यात?

१९९०च्या दशकाअखेरीस मुंबई-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतले अनेक तरुण कोबोलमधले जुने प्रोग्रॅम ओळीओळीने चाळत होते. वर्षासाठी दोनच अंक ठेवलेल्या जागा शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या, एवढेच काम. ‘वायटूके’ म्हणून गाजलेल्या या प्रकरणाचे खापर अजूनही दोन अंक वाचवणाऱ्यांच्या माथी फोडले जाते. हे अन्यायाचे आहे. मेमरी सोन्याच्या भावाची होती तेव्हा ती काटकसर शहाणपणाचीच होती. दुरुस्ती महाग पडली, कारण तारीख आत कशी साठवली आहे हे प्रत्येक प्रोग्रॅमला ठाऊक होते. व्याजाचा प्रोग्रॅम आपल्या पद्धतीने वर्षे वजा करी, निवृत्तिवेतनाचा आपल्या. त्यामुळे बदल सगळीकडे करावा लागला, आणि सगळीकडे म्हणजे कुठे कुठे, हे सांगू शकणारी माणसे बहुतेक ठिकाणी केव्हाच नोकरी सोडून गेलेली होती.

डेटा आणि त्यावर चालणारा कोड एकत्र नांदवण्याचा विचार तेव्हा नवा नव्हता. ऑस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आणले होते. १९७२मध्ये डेव्हिड पार्नस यांनी एकच छोटा प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी विभागून दाखवला. एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, एकदा पुढे बदलू शकतील अशा निर्णयांप्रमाणे. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक भाग आपला एक निर्णय पोटात ठेवतो आणि तो बदलला तरी शेजाऱ्याला कळत नाही. आमच्या मते सगळे मर्म या पोटात ठेवण्यात, म्हणजेच ‘एन्कॅप्सुलेशन’मध्ये, आहे. डेटा आणि कोड एका फाइलीत शेजारी बसवणे ही नुसती मांडामांड.

तसे नसते तर जावाची ‘डेट’ फसली नसती. १९९५मध्ये आलेल्या जावात तारखेचा रीतसर क्लास होता, मेथड्स होत्या. पण त्याची ‘गेटइयर’ ही मेथड १९०० वजा केलेले वर्ष देई, म्हणजे आतली साठवण तशीच बाहेर सांडत होती. जावास्क्रिप्टने हीच रीत उचलली. आलेल्या आकड्याआधी बेधडक ‘१९’ चिकटवणाऱ्या वेबपानांवर २००० साल उजाडले तेव्हा ‘१९१००’ झळकले. दुसरी खोट अधिक छुपी होती. कर्मचाऱ्याच्या ऑब्जेक्टमध्ये रुजू होण्याची तारीख प्रायव्हेट ठेवली, ती वाचायला एक गेटर दिला. गेटरने तारखेचा मूळ ऑब्जेक्टच बाहेर दिला. घेणाऱ्याने त्यावर ‘सेटइयर’ चालवले की कर्मचाऱ्याची सेवाज्येष्ठता बदलली. खुद्द कर्मचारी क्लासला पत्ताही नाही. कुलूप लावून किल्ली दारालाच टांगावी, तसा हा प्रकार. एकदा बनल्यावर न बदलणाऱ्या तारखा जावाच्या मूळ संचात आल्या त्या २०१४मध्ये, आठव्या आवृत्तीत.

मग सगळाच डेटा क्लासच्या बंदोबस्तात ठेवावा का? तसेही नाही. एडगर कॉड यांनी १९७०मध्ये मांडलेला तक्त्यांचा डेटाबेस डेटाला प्रोग्रॅमपासून मुद्दाम मोकळा ठेवतो, आणि त्याला कारण आहे. प्रोग्रॅम मोडीत निघतात, खातेवही राहते. लेखापरीक्षक उद्या कोणता प्रश्न विचारेल याचा अंदाज आज क्लास लिहिणाऱ्याने बांधावा, ही अपेक्षाच चुकीची. जिथे नियम सांभाळायचा आहे (शिल्लक उणे जाऊ नये, ३१ फेब्रुवारी जन्माला येऊ नये) तिथे डेटाला राखणदार हवा. जिथे नुसत्या नोंदी आहेत आणि त्यांना अनेकांनी अनेक प्रश्न विचारायचे आहेत, तिथे प्रत्येक रकान्यामागे गेटर-सेटरची जोडी लावणे हा निव्वळ उपचार. रस्टसारख्या अलीकडच्या भाषेने तर क्लास ठेवलाच नाही. आतले रकाने मॉड्यूलच्या बाहेर आपोआप झाकलेले राहतात, एवढी शिस्त मात्र पाळली.

आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गांत ‘एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय’ याचे उत्तर पाठ असते आणि त्यावर गुणही मिळतात. त्याऐवजी विद्यार्थ्यापुढे पाच फाइलींचा एक चालता प्रोग्रॅम ठेवावा आणि विचारावे : तारीख साठवण्याची पद्धत उद्या बदलली, तर यांतल्या किती फाइली उघडाव्या लागतील?