उत्तर बरोबर, मग काट कशाला?



पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांवरून आपण वर्षानुवर्षे भांडलो. 2019 साली दुसरीच्या बालभारतीत आई-बाबा मिळून भाजी निवडताना दिसले, तेव्हा बरे वाटले. पण मुलीच्या गणिताच्या वहीत काय चालते, तिकडे आपण फारसे पाहिलेले नाही. कारंजा (घाडगे) भागात दहावीच्या मुलींचा अभ्यासवर्ग घेताना मला हे जाणवले.

गणित साधे होते. पाच आणि दहाच्या मिळून 20 नोटा, रक्कम 140 रुपये. कोणत्या किती? एक मुलगी लगेच म्हणाली, दहाच्या आठ. कशा? "साऱ्या पाचाच्याच धरल्या तं शंभर होते. चाळीस कमी पडले. एक नोट बदलली का पाच वाढते. म्हणून आठ." तिची आई कापूस वेचायला जाते. किलोवर मिळणाऱ्या वेचाईचा हिशेब ही मुलगीच ठेवते.

वहीत मात्र यातले काहीच नव्हते. क्ष मानू, य मानू, आणि पट्टीने आखलेल्या रेघांत दोन समीकरणे. असे का, तर "तसं लिवलं तं सर काट मारतेत, ताई." त्याच वर्गात एका मुलाने असेच तोंडी उत्तर दिले, तेव्हा त्याचे डोके चालते म्हणून शाबासकी मिळाली. हे मुलींनीच सांगितले, आणि हसत हसत सांगितले, याचे मला जास्त वाईट वाटले.

समीकरणे शिकू नयेत असे मी म्हणत नाही. आकडे अवघड झाले की तोंडी रीत अडते. पण या मुलीने केले काय? पहिल्या समीकरणाला पाचने गुणले आणि ते दुसऱ्यातून वजा केले. पुस्तकातली रीत तिने आपल्या बुद्धीने शोधली होती. हे तिला कोणी सांगितलेच नाही. दहावीच्या निकालात राज्यात दरवर्षी मुली पुढे असतात, तरी ‘पाठ करतात, मेहनती आहेत’ एवढेच त्यांच्या वाट्याला येते.

हे आजचे नाही. महर्षी कर्वे स्वतः फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. त्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा गृहशास्त्र आवश्यक आणि गणित ऐच्छिक ठेवले. कोठारी आयोगाने (1964-66) दहावीपर्यंत गणित सर्वांना असावे असे म्हटले. विषय मिळाला; त्यात स्वतःचे डोके चालवायची मुभा अजून मिळायची आहे. ती न मिळाल्याचा परिणाम अकरावीला दिसतो. विज्ञान शाखा घ्यायची तर घरचे विचारतात, झेपेल का? आणि चांगले गुण असलेली मुलगीच मान खाली घालून सांगते, "मले गणित येत नाही."

म्हणून पालकसभेला जाल तेव्हा गुणपत्रिकेवर थांबू नका, वही मागा. मागच्या पानावर पेन्सिलीने केलेली आकडेमोड पाहा, बहुधा खोडलेली असेल. प्रश्नात विशिष्ट रीत मागितलेली नसेल, तर वेगळ्या पण बरोबर रीतीला काट का, हे शिक्षकांना विचारा. आणि ती रीत फळ्यावर लिहायला त्या मुलीलाच उठवा, असा आग्रह धरा.