रेकॉर्डिंगची भीती कोणाला?

‘भाऊ, असं ॲप टाकून दे का समोरच्याले समजलं नाई पाह्यजे,’ ही मागणी मेळघाटातल्या धारणीच्याच काय, परतवाडा-अकोटच्या मोबाइल दुकानदारालाही नवी नाही. कॅल्क्युलेटरचं चित्र लावून बसणारी, कॉल लागला की आपोआप रेकॉर्डिंग सुरू करणारी, सूचनेच्या पट्टीत कुठंच न दिसणारी ही ॲप्स. त्यांच्याविषयी शहाण्यासुरत्या लोकांचं मत ठरलेलं असतं: दोघांचं बोलणं चोरून टिपणं हा विश्वासघात, खासगीपणावर घाला, शिवाय गुन्हा. तेव्हा ही ॲप्स सरसकट बंद करा.

हे मत ऐकायला सोज्वळ आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. स्वतःच्या फोनवर स्वतःशी झालेलं बोलणं टिपून ठेवणं ही एक गोष्ट. दुसऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप ॲप बसवून त्याचं तिसऱ्याशी चाललेलं बोलणं ऐकणं ही दुसरी. पहिलीत टिपणारा त्या संभाषणातला एक पक्ष असतो; दुसरीत तो भिंतीला कान लावलेला परका असतो.

पहिल्या गोष्टीचं मोल काय, हे धारणी तालुक्याला कोणी शिकवायला नको. याच तालुक्यातलं हरिसाल 2016 साली मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं देशातलं पहिलं ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं. त्याच हरिसालमध्ये 25 मार्च 2021 रोजी वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाचा आरोप त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात होता, आणि त्या पत्रापाठोपाठ फोनवरच्या बोलण्याच्या ध्वनिफिती महाराष्ट्रभर फिरल्या. दुसऱ्याच दिवशी संबंधित उपवनसंरक्षकाला नागपुरात अटक झाली. आरोप खरे की खोटे हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण एक गोष्ट निकालाची वाट न पाहता सांगता येते. हाताखालच्या माणसाला फोनवर काय ऐकून घ्यावं लागतं, ते कागदावर कधीच उतरत नाही. शिवीला जावक क्रमांक नसतो. मेळघाटातला वनरक्षक, कंत्राटी परिचारिका, आशाताई यांना साहेबाचा फोन येतो तेव्हा शेजारी साक्षीदार उभा नसतो; कित्येकदा शेजारी फक्त सागाची झाडं असतात.

‘पण चोरून रेकॉर्ड करणं बेकायदा ना?’ स्वतःशी झालेल्या बोलण्यापुरतं तरी नाही. या मुद्द्याचा निकाल मुंबईच्याच एका खटल्यात लागला आहे. मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांनी एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचं ते प्रकरण 1964 चं. लाचलुचपत प्रतिबंधक खात्यानं दुसऱ्या डॉक्टरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून संभाषण टिपलं. फोन करणाऱ्याचीच संमती होती, म्हणून टेलिग्राफ कायद्याचा भंग झालेला नाही आणि टेप पुरावा म्हणून चालेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्ये सांगितलं. आजही 1064 या मदत क्रमांकावर तक्रार गेली की हेच खातं सापळा लावण्याआधी तक्रारदाराजवळ व्हॉइस रेकॉर्डर देऊन लाचेच्या मागणीची पडताळणी करतं. सरकार स्वतः जे करतं, ते तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्यानं केलं की मात्र विश्वासघात?

मोबाइल कंपन्यांची भूमिका तर आणखी गमतीची. गुगलनं मे 2022 पासून प्ले स्टोअरवरच्या रेकॉर्डिंग ॲप्सची वाट अडवली. त्याच्या स्वतःच्या फोन ॲपमध्ये सोय आहे, पण बटण दाबताच कॉल रेकॉर्ड होत असल्याचं दोघांनाही ऐकू येतं. ॲपलनं ऑक्टोबर 2024 मध्ये हीच तऱ्हा आयफोनवर आणली. दोन व्यापाऱ्यांमध्ये, दोन भावांमध्ये ही घोषणा रास्तच आहे. पण शिपायानं साहेबाचा फोन घेतला आणि मध्येच ती घोषणा झाली, तर काय होईल? यावर ‘मग साहेब नीट बोलेल, हेच तर हवं’ असा युक्तिवाद होतो. साहेब नीट बोलेल, त्या कॉलपुरतं. उरलेलं बोलणं दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये दार लावून होईल, आणि त्यात रेकॉर्डिंगचाही हिशेब चुकता होईल. गुपचूप रेकॉर्डिंगची खरी गरज दुबळ्या पक्षाला असते, ती अशी.

पण म्हणून दुसऱ्याच्या फोनमध्ये ॲप बसवण्याची ती दुसरी गोष्ट माफ होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 14 जुलै 2025 रोजी विभोर गर्ग प्रकरणात पती-पत्नीमधलं गुप्त रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल असा निकाल दिला, आणि बायकोच्या फोनमध्ये काहीही टाकायची परवानगीच मिळाली असा काहींनी त्याचा अर्थ लावला. त्या दाव्यातलं रेकॉर्डिंग नवऱ्यानं स्वतःच्या बायकोशी झालेल्या बोलण्याचं केलं होतं, हे ते सोयीनं विसरतात. बायकोच्या फोनमध्ये तिच्या नकळत ॲप घुसवून तिचं माहेरशी चाललेलं बोलणं ऐकणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 आणि 66 लागू शकतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरा असल्यानं सूट मिळत नाही.

आणि ज्याला आपण गुप्त म्हणतो, ते गुप्त तरी कुठं राहतं? मार्च 2021 मध्ये आनंद प्रकाश या भारतीय सुरक्षा संशोधकानं आयफोनवरच्या एका कॉल रेकॉर्डर ॲपमधलं भगदाड उघड केलं. कोणाचाही फोन नंबर टाकून त्याची रेकॉर्डिंग्ज ऐकता येत होती. ॲपच्या साठ्यात अशी 1 लाख 30 हजारांहून अधिक रेकॉर्डिंग्ज होती. कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेलं फुकटचं ॲप आवाज नेमका कोणाच्या सर्व्हरवर पाठवतं, हे टाकून देणाऱ्या दुकानदारालाही ठाऊक नसतं. फोनच्या मूळ डायलरमध्येच सोय असेल तर तीच वापरावी, फाइल फोनमध्येच राहते.

मग मागणी कसली करायची? ॲप्सवर बंदीची नव्हे, रेकॉर्डिंगला रीतसर जागा मिळण्याची. आज पीडित माणूस क्लिप आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, कारण तक्रार घेणाऱ्या टेबलावर ती कोणी ऐकत नाही. तिथंच पुराव्याचं वाटोळं होतं. क्लिप कापली जाते, मूळ फाइलचं नाव-तारीख हरवते, फोन बदलला जातो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलचा अंकी ठसा, नोंदवावी लागते. कापलेल्या क्लिपची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. हे काम करून घ्यायला धारणीच्या माणसानं सेमाडोहचा घाट उतरून दीडशेच्या आसपास किलोमीटरवर अमरावती गाठायची का? धारणी पोलीस ठाण्यात आणि उपविभागीय कार्यालयात मूळ फोनवरून फाइल उतरवून, तिची हॅश लिहून तक्रारदाराला सहीशिक्क्याची पोच द्यावी. त्याला लागतो एक संगणक, एक शिकलेला कर्मचारी आणि एक लेखी आदेश.