अर्धांगवायूंतून उठलेल्या माणसाशीं आपलें वर्तन

मेंदूची रक्तवाहिनी गांठीनें बंद झाली अथवा फुटली म्हणजे अर्धांगवायू होतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पुस्तकांत वाचलेलें असतें. तोंड वांकडें झालें, हात गळाला, जीभ जड झाली कीं तत्काळ १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी; गांठ विरघळविण्याचें औषध पहिल्या साडेचार तासांतच देतात. परंतु आम्हांस लिहावयाचें आहे तें रोगी घरीं परतल्यानंतरचें.

येथें मोर्शीस आमच्या परिचयाच्या एका संत्रा-बागाईतदार गृहस्थांची उजवी बाजू लुळी पडली व वाचाही गेली. पहिल्या आठवड्यांत भेटीस येणारांनीं ओसरी भरून गेली. पुढें मंडळी विरळ झाली. जे येत ते "यांना जेवण जातें काय?" असें त्यांच्यासमक्ष त्यांच्या मुलास विचारीत. आम्हींही तसेंच विचारलें, हें कबूल केलेंच पाहिजे. गृहस्थांनीं तोंड भिंतीकडे फिरविलें. त्यांस सर्व कळत होतें. शब्द मात्र सांपडत नव्हता. वाचा हरपणें म्हणजे बुद्धि हरपणें नव्हे, आणि हा भेद न जाणणारे शेजारी रोग्यास दुसऱ्यांदा अंथरुणास खिळवितात, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्यांच्या नातवानें जें केलें तें आम्हां वडीलधाऱ्यांस सुचलें नाहीं. रोज सायंकाळीं तो आजोबांस काठी देऊन धुऱ्यापर्यंत नेई, आणि आंबिया बहाराचा भाव काय सांगावा असें विचारून उत्तराची वाट पाही. एका आंकड्यास पांच पांच मिनिटें लागत. पण तो मधेंच शब्द पुरवीत नसे.

पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञास १८६८ सालीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, हाच आजार झाला व डावें अंग अधू राहिलें. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस त्यांनीं मनुष्यास प्रथम १८८५ सालीं दिली. सुई टोंचणारा हात दुसऱ्या डॉक्टराचा होता. विचार त्यांचा होता. आमच्या गांवच्या पंचाईतींत, लग्नकार्यांत असा हात देण्यास कोणी पुढें होत नाहीं. उलट 'त्यांना त्रास कशाला' म्हणून निमंत्रणच टाळतात. ही दया आम्हांस मान्य नाहीं.

गेल्या पालकसभेस ते गृहस्थ काठी टेकीत आले. शाळेच्या विहिरीविषयीं त्यांस कांहीं सांगावयाचें होतें. सभा थांबली. मागून कोणी घड्याळ पाहिलें, तोंच नातवानें मागें वळून त्यांच्याकडे पाहिलें. आणि आजोबांचें वाक्य पुरें झालें.