डोंगर आमचा, भाव परक्याचा

शेतकरी वर्षभर राबतो आणि त्याच्या मालाचा भाव अडत्या ठरवितो, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. आज आम्ही निराळ्या मालाविषयीं चार शब्द लिहीत आहोंत. हा माल म्हणजे लोखंडाची माती. लोहाराच्या भट्टींतला विळा आणि नांगराचा फाळ ह्या मातीचीच लेंकरें.

जगांत जहाजांनीं जेवढी ही माती विकली जाते, तिचे तीन वाटे केले तर दोहोंहून अधिक वाटा एकटा चीन घेतो. २०२४ सालीं त्यानें सुमारें १२४ कोटी टन माल घेतला. त्यांत शंभरामागें साठ टन ऑस्ट्रेलियाचे व सुमारें वीस ब्राझीलचे. उरलेल्या तुकड्यांत आपण व बाकीचे सारे देश. असें कां? ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा मुलखांत माल उत्तम, आगगाडी थेट बंदरावर जाते आणि जहाज दोन आठवड्यांच्या आंत चीनला लागतें. ब्राझीलहून महिन्यावर दिवस लागतात, पण कराजासची माती इतकी कसदार कीं लांबचें भाडेंही परवडतें.

चांगला माल असला म्हणजे काय होतें पहा. २०२० सालीं चीनचें ऑस्ट्रेलियाशीं बिनसलें. चीननें तिकडचे जव, दारू व कोळसा अडविला; लोखंडाच्या मातीला मात्र हात लावला नाहीं. तेवढा माल दुसरीकडे मिळण्यासारखा नव्हता!

आतां आपल्या शेजारच्या गोव्याकडे वळूं. तेथील माती हलक्या कसाची. भाव चढला म्हणजे गिऱ्हाईक दारांत, उतरला म्हणजे पसार. २०११ च्या आरंभीं टनाला १८० डॉलरांच्या वर असलेला भाव २०१५ च्या अखेरीस ४० च्या खालीं आला. तेजीच्या काळांत डोंगर रात्रंदिवस पोखरले गेले. खाणींतला गाळ पावसाबरोबर भातशेतांत उतरला, विहिरींचें पाणी खालीं गेलें. २०१२ सालीं खाणी बंद पडल्या. २००७ नंतरचें खोदकाम बेकायदा होतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें आणि २०१८ सालीं ८८ पट्टे रद्द केले. मालकांनीं तोंवर पैसा केला होता. कर्ज काढून ट्रक घेणारा गांवकरी मात्र हप्ते भरीत बसला, आणि गाळानें भरलेलें शेत कुळाच्या गळ्यांत राहिलें. गिऱ्हाइकाला दहा दारें असतात. गांवाला डोंगर एकच असतो.

कोणी म्हणेल, खाणीमुळें चुली पेटतात. खरें आहे, आणि खाणी कायमच्या बंद कराव्या असें आम्ही म्हणत नाहीं. पण बी-बियाणें विकून खाणारा कुणबी शहाणा ठरत नाहीं. पीक दरवर्षीं येतें. खणलेली माती पुन्हां उगवत नाहीं. म्हणून ती विकून आलेला पैसा नातवंडांच्याही उपयोगीं पडला पाहिजे. गोव्यांत त्यासाठीं कायमचा निधि ठेवावा, असें न्यायालयानें २०१४ सालींच सांगितलें आहे.

आतां गोव्यांत लिलाव होऊन खाणी पुन्हां सुरू होत आहेत. वेंगुर्ल्याकडील रेडीच्या आणि गडचिरोलींतील सुरजागडच्या बांधवांनीं गोव्याचा हा धडा गिरवावा. खाणीनें बाधलेल्या गांवांसाठीं जिल्हा खनिज निधि ठेवण्याचा कायदा २०१५ पासून आहे. त्यांतून आपल्या गांवाला काय आलें, कोठें खर्च झालें, हें ग्रामसभेंत उभें राहून विचारा. उत्तर लेखी मागा.

आणि एक ध्यानांत ठेवा. आपल्या पोलाद-कारखान्यांची खरेदी एका हातानें व्हावी म्हणून चीननें २०२२ सालीं सरकारी कंपनी उभारली. एवढा बलाढ्य घेणारासुद्धां एकी करतो. मग देणाऱ्या गरिबानेंच फुटून कां राहावें?