फसवणुकीच्या खेळातील सभ्यता

पोकर हा पत्त्यांचा खेळ मुळातच लपवाछपवीचा. हातात काही नसताना मुद्रेवर ऐट आणावयाची आणि हात भरलेला असताना चेहरा पाडून बसावयाचे, यालाच तेथे कौशल्य म्हणतात. अशा टेबलाभोवती सभ्यतेची चर्चा करणे अनेकांना विनोदी वाटेल. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. बुद्धिबळाचा पट दोघांच्याही डोळ्यांसमोर उघडा असतो; उद्धट माणसाबरोबरचा डावही तेथे कसाबसा पार पडतो. पोकरमध्ये कोणते खोटे चालेल आणि कोणते चालणार नाही, ही रेघ रीतभातीनेच आखावी लागते.

एके काळी अमेरिकेच्या पश्चिम भागात या रेघेची राखण पिस्तूल करीत असे. वाइल्ड बिल हिकॉक हा नामांकित बंदूकबाज एरव्ही भिंतीला पाठ लावून बसे. 1876 मध्ये डेडवुड या खाणगावात ती जागा मिळाली नाही, आणि पोकर खेळता खेळताच पाठीमागून गोळी लागून तो ठार झाला. पुढे 1970 मध्ये बेनी बिनियन यांनी लास वेगास येथे पोकरची जागतिक स्पर्धा सुरू केली, आणि 2001 मध्ये स्पर्धा-संचालकांची संघटना स्थापन होऊन समान नियमावली आकारास आली. पिस्तुलाची जागा पंचाने घेतली.

या नियमांतील पुष्कळसे भाग साध्या शहाणपणाचे आहेत. पाळी येण्यापूर्वी पाने टाकू नयेत, कारण त्यामुळे एकाला फुकट माहिती मिळते आणि तिसऱ्याचे नुकसान होते. मोठ्या किमतीच्या चिप्स लहानांच्या आड दडवू नयेत. थोड्या चिप्स पुढे सारून, प्रतिस्पर्ध्याचा चेहरा न्याहाळून, मग आणखी सारू नयेत. डाव सोडलेल्याने उसासाही टाकू नये. त्या उसाशावरून त्याने कोणती पाने टाकली हे इतरांना कळते. पत्ते वाटणाऱ्याचा हारजितीत काडीचाही हात नसतो, तरी हरलेल्यांच्या शिव्या त्यालाच खाव्या लागतात. कार्यालयातील शिपायाला आणि बसच्या कंडक्टरला हा अनुभव नवा नाही.

सर्वांत हीन मानले जाते ते कृत्य मात्र सहसा नियमाच्या पकडीत येत नाही. आपलाच हात श्रेष्ठ आहे हे ठाऊक असताना पाने दाखवावयास मुद्दाम विलंब लावावयाचा, समोरच्याला क्षणभर विजयाचा आनंद घेऊ द्यावयाचा, आणि मग तो हिरावून घ्यावयाचा! यातून एक पैसाही अधिक मिळत नाही. केवळ क्रौर्याची हौस भागते.

नवख्याशी सौजन्याने वागावे, त्याच्या चुका काढू नयेत, असे मुरलेले खेळाडू सांगतात. ते यासाठी एक दृष्टान्तही देतात: मत्स्यालयाच्या काचेवर टिचक्या मारू नयेत, मासे बिथरतात. दृष्टान्त बोलका आहे, आणि त्यात हा नवखा मासा ठरला आहे. गळाला लावलेल्या आमिषाला सौजन्य म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. मांडवी नदीतील कॅसिनोंच्या बोटींवर गोड शब्दांत लुबाडला गेलेला माणूस घरी रिकाम्या खिशानेच परततो. जुगाराला सभ्यतेचा मुलामा देऊन त्याची नासाडी झाकता येत नाही, हा आक्षेप खराच आहे, आणि शिष्टाचाराच्या कोणत्याही पुस्तकात त्याला उत्तर नाही.

पण याच नियमावलीत एक कलम असे आहे की ज्यात लाभाचा लवलेश नाही. शेवटी पाने उघडी करून टेबलावर मांडली की मालकाचे शब्द गौण ठरतात; पाने स्वतःच बोलतात. नवखा म्हणतो, ‘‘माझ्या दोन जोड्या.’’ हातातली दोन आणि मधली तीन मिळून पाच बदाम झाले आहेत, हे त्याच्या ध्यानी आलेले नसते. समोरच्याकडे एकाच किमतीची तीन पाने असतात. दोन जोड्यांना ती भारी, पण पाच बदामांपुढे कमी. अशा वेळी चूक ज्याच्या लक्षात येईल त्याने बोलावे, मग तो त्या डावात असो वा नसो, असे ते कलम सांगते. पाने झाकलेली असेतोवर मात्र कोणी अवाक्षर काढावयाचे नाही.

कौरवांच्या द्यूतसभेत फाशांतील कपटापेक्षा भीष्म-द्रोणांचे मौनच अधिक सलते. आपला डाव नव्हे म्हणून ते गप्प बसले. बोलला तो विकर्ण, आणि त्याला वयाने लहान म्हणून गप्प करण्यात आले. पोकरच्या टेबलावर बोलण्याचे हे कर्तव्य कडेला बसलेल्यावर आहे, तसेच ज्याची रक्कम जाणार आहे त्याच्यावरही आहे. घटकाभर ज्याने समोरच्याला मुद्रेने, मौनाने आणि थापेने चकविले, त्यालाच अखेरीस पत्ते वाटणाऱ्याचा हात थांबवून म्हणावे लागते, ‘‘थांबा, यांचे पाच बदाम आहेत.’’ आणि जिंकलेला वाटणारा चिप्सचा ढीग मुकाट्याने पलीकडे जाऊ द्यावा लागतो.